वीस मीटर तारेचें गणित



१९४२ सालच्या ऑगस्टअखेरीस मुंबईंत एक गुप्त नभोवाणी-केंद्र बोलूं लागलें. उषा मेहता आणि त्यांचे तरुण सहकारी तें चालवीत. आपला ठावठिकाणा तें केंद्र अर्थातच सांगत नसे. हिंदुस्थानांत कोठून तरी, ४२.३४ मीटरवर, एवढीच काय ती ओळख श्रोत्यांस मिळे. पोलिसांना माग लागूं नये म्हणून जागा वरचेवर बदलावी लागे. १२ नोव्हेंबरला अखेर तें केंद्र पकडलें गेलें आणि चालकांना कारावास भोगावा लागला.

हा इतिहास आपणांस ठाऊक आहे. त्याची उजळणी करण्याचा आज माझा उद्देश नाहीं. परंतु त्यांतील ४२.३४ मीटर या आंकड्याकडे मात्र मला आपलें लक्ष वेधावयाचें आहे. विद्युल्लहर एका सेकंदांत सुमारें तीस कोटि मीटर अंतर तोडते. या अंतरास ४२.३४ नें भागलें म्हणजे सेकंदाला सुमारें सत्तर लक्ष ऐंशी हजार कंपनें होतात. दहा लक्ष कंपनांस एक मेगाहर्ट्झ म्हणण्याचा प्रघात आहे. म्हणजे ही कंपनसंख्या झाली ७.०८ मेगाहर्ट्झ. हौशी नभोवाणी-चालक ज्याला 'चाळीस मीटरचा पट्टा' म्हणतात, आणि जो भारतांत आज ७ पासून ७.२ मेगाहर्ट्झपर्यंत त्यांच्यासाठीं राखलेला आहे, त्याच पट्ट्यांत ही लहर बसते.

आतां असा विचार करा, कीं प्रक्षेपक यंत्र एका घरांतून उचलून दुसऱ्या घरांत नेतां येतें. पण लहर आकाशांत सोडणारी तार नव्या जागीं नव्यानेंच बांधावी लागते. ती तार किती लांब हवी? कशी टांगावी? ती नीट बसली आहे हें कशावरून ओळखावें? या प्रश्नांतून आजवर कोणाही चालकाची सुटका झालेली नाहीं. यंत्र बाजारांत तयार मिळतें. तार मात्र ज्याची त्यानें, आपल्या गच्चीच्या मापानें, आपल्या हातांनींच सिद्ध करावयाची असते. या तारेचें गणित आणि बांधणी हाच आजच्या भाषणाचा विषय. श्रोत्यांनीं कागद-पेन्सिल जवळ घेतल्यास बरें होईल.

आपले वडील या तारेस एरियल म्हणत. आजचीं मुलें अँटेना म्हणतात. नांव कोणतेंही घ्या, तिचें मूळ रूप फार साधें आहे. १८८६ ते १८८८ या काळांत जर्मनींतील कार्ल्सरूह येथें हाइन्‍रिख हर्ट्झ या शास्त्रज्ञानें विद्युल्लहरींचें अस्तित्व प्रयोगानें सिद्ध केलें. त्यानें वापरलेलें साधन म्हणजे मधोमध छेद दिलेली एक सरळ तारच होती. त्या छेदाशीं विद्युत्‌शक्ति द्यावयाची आणि दोन्ही बाजूंच्या तारांनीं ती लहररूपानें अवकाशांत टाकावयाची. हर्ट्झ छत्तिसाव्या वर्षींच, १८९४ सालीं, निवर्तला. पण त्याची दोन भुजांची तार आजही जगभरच्या गच्च्यांवर लोंबकळत आहे. तिला द्विध्रुव अथवा डायपोल म्हणतात.

परंतु लांबी वाटेल ती ठेवून चालत नाहीं. असें कां, हें तंबोऱ्यावरून चटकन्‌ ध्यानांत येईल. तंबोऱ्याची तार दोन्ही टोंकांस जखडलेली असते. ती छेडली म्हणजे मध्यें अधिकांत अधिक हालते आणि टोंकांशीं मुळींच हालत नाहीं. तिच्या लांबीस शोभेल असाच एक सूर ती मनापासून देते. आपल्या एरियलमध्यें विद्युत्‌प्रवाहाची स्थिति नेमकी अशीच असते. तारेच्या टोंकापुढें प्रवाहाला जाण्यास वाट नसल्यामुळें तेथें तो शून्य होतो आणि मध्यभागीं सर्वांत अधिक असतो. हा आकार म्हणजे अर्ध्या लहरीचा आकार. म्हणून तारेची लांबी लहरीच्या निम्मी असली म्हणजे ती त्या लहरीशीं सुरांत लागते. तंबोऱ्याची तार निम्मी केली कीं सूर एका सप्तकानें चढतो. तशीच एरियलची तार निम्मी केली कीं ती दुप्पट कंपनसंख्येस लागते.

आतां गणित. मेगाहर्ट्झमधील कंपनसंख्येनें ३०० ला भागलें म्हणजे लहरीची लांबी मीटरमध्यें मिळते. निम्म्या लहरीसाठीं १५० ला भागावें. पण येथें एक वजाबाकी करावी लागते. खरी तार ही भूमितींतील रेषा नव्हे. तिला जाडी असते आणि तिच्या टोंकांचा भोंवतालच्या हवेशीं व वस्तूंशीं विद्युत्संबंध जुळतो. त्यामुळें ती आपल्या मापापेक्षां किंचित्‌ लांब असल्याप्रमाणें वागते. यास्तव उघड्या तारेची लांबी शेंकडा पांच कमी धरतात. १५० तून पांच टक्के वजा जातां राहिले १४२.५. हाच आंकडा लिहून ठेवावा: १४२.५ ला कंपनसंख्येनें भागा, तारेची एकूण लांबी मीटरमध्यें मिळेल.

चाळीस मीटरच्या पट्ट्याचा मध्य म्हणून ७.१ मेगाहर्ट्झ घेऊं. भागाकार येतो २०.०७ मीटर. ही तार मधोमध तोडावयाची, म्हणजे प्रत्येक भुजा झाली १० मीटर ३ सेंटिमीटर. याच रीतीनें १४.२ मेगाहर्ट्झसाठीं एकूण लांबी १०.०४ मीटर, २१.२ साठीं ६.७२ मीटर आणि २८.५ साठीं बरोबर ५ मीटर येते. उलट ३.६ मेगाहर्ट्झवर जावयाचें म्हटलें तर साडेएकोणचाळीस मीटर तार हवी. शहरांतील किती गच्च्यांना ती पेलेल हा प्रश्नच आहे. चाळीस मीटरचा पट्टा हौशी मंडळींना प्रिय आहे, त्याचें एक कारण हें, कीं वीस मीटर तार बहुतेकांना कशी तरी सामावून घेतां येते.

सामान थोडें आहे. घरांतील वीजजोडणीची दीड किंवा अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार चालते. मध्यें दोन्ही भुजा अलग ठेवणारा तुकडा हवा. तो ॲक्रिलिकच्या पट्टीचा अथवा जाड प्लॅस्टिकच्या नळीचा करतां येतो. दोन्ही टोंकांना चिनीमातीचे अंडाकृति रोधक किंवा तसलेच नळीचे तुकडे बांधावेत व त्यांच्यापुढें नायलॉनची दोरी असावी. यंत्रापासून मध्यापर्यंत शक्ति नेण्यासाठीं ५० ओहमची समाक्ष केबल लागते. हिच्या पोटांत एक तार आणि भोंवतीं जाळीचें वेष्टन असतें. पोटांतील तार एका भुजेस व जाळी दुसऱ्या भुजेस डाखावी.

येथें तीन गोष्टी नवशिक्याकडून हमखास राहून जातात. पहिली अशी, कीं तारेची लांबी मध्यापासून टोंकाच्या रोधकाशीं तार जेथें वळते तेथपर्यंतच मोजावयाची. रोधकांतून परत फिरवून पिळलेला भाग मापांत धरूं नये. पण त्यासाठीं प्रत्येक टोंकाला तीस सेंटिमीटर तार जादा अवश्य ठेवावी. दुसरी गोष्ट केबलची. जाळीच्या बाहेरच्या पृष्ठावरून थोडा प्रवाह परत खोलींत येऊं पाहतो व मग ध्वनिवर्धकाला हात लावतांच चटका बसतो, किंवा शेजारच्यांच्या दूरदर्शन-संचांत आपला आवाज घुमूं लागतो. हें टाळण्यासाठीं मध्याजवळ केबलचींच, पांच-सहा मीटर लांबीचीं, आठ-दहा वेटोळीं करून बांधून ठेवावींत. तिसरी गोष्ट पावसाची. केबलचें उघडें तोंड रबरी पट्टीनें पक्कें बंद केलें नाहीं, तर जाळी वातीसारखें पाणी ओढून घेते आणि आषाढ संपेपर्यंत केबल निकामी होते.

आतां टांगणी. आदर्श म्हणून सांगावयाचें तर तार आडवी, सरळ आणि निम्म्या लहरीइतकी उंच, म्हणजे आपल्या उदाहरणांत वीस मीटर उंच असावी. पण दोन्ही बाजूंस वीस मीटरचे खांब ज्याच्या अंगणांत आहेत असा गृहस्थ माझ्या पाहण्यांत नाहीं. सामान्य माणसाची युक्ति अशी, कीं गच्चीच्या मध्यें एकच बांबू किंवा नळी उभी करावयाची, तीवर तारेचा मध्य चढवावयाचा आणि दोन्ही भुजा घराच्या पाखांप्रमाणें उतरत्या सोडावयाच्या. भुजांमधील कोन नव्वद अंशांहून लहान नसावा. एकशेंवीस अंश असल्यास उत्तम. आडव्या तारेचा मध्याशीं रोध आदर्श स्थितींत सुमारें ७३ ओहम असतो. भुजा उतरत्या केल्यानें तो ५० च्या जवळ येतो व केबलशीं त्याचें चांगलें जमतें. गरिबीचा उपाय येथें असा फायद्याचा ठरतो.

"पण माझी तार फार खालीं आहे" अशी तक्रार पुष्कळ जण करतात. तिला उत्तर देण्यापूर्वीं विचारावें, कीं बोलावयाचें कोणाशीं? उंच तार लहरी क्षितिजाच्या जवळून सोडते. त्या दूर देशीं जातात. जमिनीपासून पाव लहर, म्हणजे दहा मीटर, किंवा त्याहून कमी उंचीवरची तार बहुतेक शक्ति सरळ वर फेंकते. ती वायां जात नाहीं. वातावरणाच्या वरच्या भागांत, सुमारें अडीचशें ते साडेतीनशें किलोमीटर उंचीवर, सूर्यकिरणांनीं विद्युद्भारित झालेला थर आहे. तो या लहरी परत खालीं पाठवितो आणि कारंज्याच्या तुषारांप्रमाणें त्या सभोंवार तीनचारशें किलोमीटरांच्या टापूंत उतरतात. मध्यें सह्याद्रि असो कीं बालाघाट, त्यांना अडथळा नाहीं. कारण त्या डोंगर ओलांडीत नाहींत, वरून येतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे भूकंपानें उद्ध्वस्त झालेली किल्लारी मुंबईहून सरळ रेषेंत सुमारें चारशें किलोमीटरांवर आहे. एवढें अंतर दिवसा गांठण्यास उंच मनोऱ्याची नव्हे, असल्या ठेंगण्या तारेचीच गरज असते. रात्रीं उशिरां तो थर विरळ झाला म्हणजे जवळचीं केंद्रें लोपतात व दूरचीं ऐकूं येतात, मग ३.५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याकडे वळावें लागतें.

इतकें गणित करून, मापून, बांधून तार वर चढविली, म्हणजे काम संपलें असें मला माझ्या पहिल्या तारेच्या वेळीं वाटलें होतें. मीं प्रत्येक भुजा १० मीटर ३ सेंटिमीटर अशी काटेकोर मापली होती. भागाकार चार वेळां तपासला होता. पण यंत्र सुरूं करतांच तें कुरकुरूं लागलें. गेलेली शक्ति पुष्कळशी परत येत होती. मीं यंत्रास दोष दिला, केबलीस दिला, अखेर पुस्तकासही दिला. एका वडीलधाऱ्या चालकांनीं येऊन आपल्या हातांतील मापकानें पाहिलें आणि हंसून म्हणाले, "अहो, तुमची तार उत्तम लागली आहे, फक्त ७.१ ला नव्हे, ६.८५ ला."

कारण काय? मीं घरच्या वीजजोडणीची, प्लॅस्टिकचें आवरण असलेली तार वापरली होती. त्या आवरणामुळें लहर तारेवरून किंचित्‌ सावकाश चालते आणि तार आणखी दोन ते चार टक्के लांब असल्याप्रमाणें वागते. शिवाय उतरत्या भुजांचीं टोंकें गच्चीच्या कठड्याजवळ आलीं होतीं. कठड्यांतील लोखंडी सळयांनींही सूर थोडा खालीं ओढला होता. माझें सूत्र खोटें नव्हतें. तें मोकळ्या हवेंतील उघड्या तारेचें होतें आणि माझी तार माझ्या गच्चीवरची होती.

त्या दिवशीं मला जें त्रैराशिक मिळालें तें आपणांस सांगतों. सध्यांच्या लांबीला सांपडलेल्या कंपनसंख्येनें गुणा आणि हव्या असलेल्या कंपनसंख्येनें भागा. १०.०३ गुणिले ६.८५ भागिले ७.१, उत्तर ९.६८ मीटर. म्हणजे दोन्ही भुजा सुमारें पस्तीस सेंटिमीटरांनीं आंखूड करावयाच्या. तेही एकदम कापून नव्हे. आधीं वीस सेंटिमीटर मागें दुमडून तारेवरच घट्ट पिळावें, पुन्हां मोजावें, मग उरलेलें. तार प्रथम लांबच कापावी, हा नियम शिंप्यापासून एरियलवाल्यापर्यंत सर्वांना सारखाच लागूं आहे. आंखूड कापलेलें कापड वाढवितां येत नाहीं.

हें मोजण्याचें साधन पूर्वीं दुर्मिळ होतें. आतां खिशांत मावणारें विश्लेषक-यंत्र पुष्कळ चालकांपाशीं असतें. तें नसल्यास यंत्र व केबल यांमध्यें जोडावयाचा स्थिरतरंग-मापक, ज्याला चालक एसडब्ल्यूआर मीटर म्हणतात, पुरेसा आहे. एक हें पूर्ण जुळणीचें चिन्ह; दीडावर शंभरांतील चार भाग शक्ति परत येते, दोनावर अकरा, तीनावर पंचवीस. दीडापर्यंत आलां कीं थांबावें. एकाच्या हट्टापायीं दहा वेळां तार उतरविणारे लोक मीं पाहिले आहेत. त्यांच्या बोटांना घट्टे पडतात, आवाज मात्र पूर्वींइतकाच पोंचतो.

आतां ज्या गोष्टीसाठीं मीं हें भाषण विशेषेंकरून स्वीकारलें, ती सांगतों. या छंदांत मनुष्य विजेच्या धक्क्यानें मरूं शकतो. तें मरण बहुधा यंत्रांतून येत नाहीं. तें रस्त्यावरच्या वीजवाहिनीवरून येतें. तार ओढतांना ती निसटून वाहिनीवर पडली, किंवा खांब कलंडून तिला टेकला, तर ओढणारा वांचण्याची आशा थोडी. म्हणून नियम असा: खांब व तार ज्या दिशेनें पडेल त्या दिशेनें, त्यांच्या संपूर्ण लांबीच्या आंत वीजवाहिनी असतां कामा नये. असेल तर ती जागा सोडावी. दुसरी तोड नाहीं. वाहिनीच्या वरून किंवा खालून तार कधींही नेऊं नये. एकट्यानें खांब उभारूं नये. ओल्या गच्चीवर तर नाहींच नाहीं.

वैशाखांतील वळवाच्या आणि परतीच्या पावसाच्या दिवसांत मेघ गडगडूं लागण्यापूर्वीं केबल यंत्रापासून काढून घराबाहेर ठेवावी. विजेचा भार जमिनींत नेणारा पट्टा असला तरीही काढावी. प्रक्षेपण चालूं असतां तारेच्या टोंकांशीं विद्युद्दाब सर्वांत अधिक असतो. म्हणून टोंकें कोणाच्या हातास लागणार नाहींत इतकीं उंच ठेवावींत. ही सूचना अनाठायीं समजूं नका. गच्चीवर ताणलेली तार पाहून तिच्यावर साडी वाळत घालण्याचा मोह शेजारणीस होणें अगदीं स्वाभाविक आहे. संक्रांतीला पतंगाचा मांजा सोडविण्यास मुलें तिच्याकडेच धांवतील. तेव्हां गृहसंस्थेची अनुमति आधीं घ्यावी, शेजाऱ्यांस तार दाखवावी, ती काय आहे हें सांगावें. अर्थात्‌ सरकारी परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना मिळाल्याशिवाय प्रक्षेपण करूं नये, हें निराळें सांगावयास नकोच.

कोणी म्हणेल, प्रत्येकाच्या खिशांत दूरध्वनि असतांना हा खटाटोप कशासाठीं? २००४ च्या डिसेंबरांत भारती प्रसाद आणि नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ॲमॅच्युअर रेडिओ या संस्थेची मंडळी अंदमानांत, तेव्हांच्या पोर्ट ब्लेअर येथें, हौसेखातर तारा लावून जगाशीं बोलत होती. २६ तारखेच्या सकाळीं समुद्र उसळला. नेहमींचीं संपर्कसाधनें कोलमडलीं. त्या हौशी केंद्रावरून मग निरोप जाऊं लागले: अमुक जिवंत आहे, तमुक सुखरूप आहे. २६ जानेवारी २००१ च्या कच्छमधील भूकंपानंतरही हौशी चालक आपलीं यंत्रें व तारा घेऊन धांवले होते. मोबाइलचा मनोरा पडला तर तो उभारण्यास कंपनीचीं माणसें यावीं लागतात. आपली तार पडली तर ती बांधावयास आपण स्वतः असतों. मात्र संकटाच्या रात्रीं सूत्र शोधीत बसून चालत नाहीं. ज्यानें एकदां तरी स्वतः मापलें आहे, चुकलें आहे, त्रैराशिकानें सुधारलें आहे, त्यालाच काळोखांत दहा मिनिटांत तार टांगतां येते.

म्हणून माझी विनंति एवढीच, कीं आपल्या घरांतील एखाद्या मुलानें अथवा मुलीनें फीत आणि तार घेऊन गच्चीची वाट धरली, तर तिला अडवूं नका. तिच्याबरोबर वर जा, वीजवाहिनी कोठें आहे तें आधीं दाखवा आणि फितीचें दुसरें टोंक आपण धरा. १४२.५ भागिले ७.१, उत्तर वीस मीटर. पुढचें तिची गच्ची तिला शिकवील.